धिक्काराचा कार्यक्रम

"विनोदी संगीतपट म्हणजे महाराष्ट्राच्या अभिरुचीची अंत्ययात्रा!" कराडच्या व्याख्यानमालेत शरच्चंद्र सर गरजले, तेव्हा पहिल्या रांगेत निवृत्त ज्ञानू सुभेदार घोरत होते आणि उरलेले नऊ-दहा श्रोते चहाच्या किटलीकडे बघत होते. यंदाही लोक उठून गेले तर सरांना पुन्हा बोलवायचं नाही, असं समितीनं ठरवलं होतं. सरांच्या ते कानावर आलं होतं.

मग सरांनी पुरावाच काढला. "नायक शेणात घसरतो आणि कण्हायचं सोडून गातो! उसातून सोळा बायका निघतात, सोळाही लुगडी एकाच रंगाची! काय ही अक्कल, ऐका," असं म्हणून त्यांनी नाक मुरडत एक ओळ गाऊन दाखवली. धिक्कार अर्धवट राहू नये म्हणून दोन्ही कडवी घेतली, आणि घसरून दाखवताना चष्मा उडाला तरी थांबले नाहीत.

सुभेदार खडबडून उठले. "आवं सर, लय भारी! परत एकदा हून जाऊ द्या!" त्यांनी शूटिंगसाठी मोबाइल वर धरला.

सकाळी रहिमतपूरहून फोन आला. "सर, तुमचा धिक्कार आमच्याकडंबी ठेवायचाय. माणसं आत्तापासनं जागा धराय लागल्यात."

सर गंभीरपणे खाकरले. "येईन. समाजाचे कान कुणीतरी उपटायलाच हवेत."



"फक्त एक पेटीवाला बघून ठेवा. माझी पट्टी काळी दोन."