भागिले एकतीस

पडद्यावर वीस हा आकडा आला आणि पाण्याच्या ग्लासाकडे निघालेला भागीदाराचा हात वाटेतच थांबला. कालपर्यंत तिथे सहा होते.

"हे काय आता?" तो दातांतल्या दातांत पुटपुटला.

टनबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. अंगाने काडी असलेल्या या मुलीला ऑफिसात सगळे टनबाई म्हणत, कारण ती जगातली प्रत्येक गोष्ट टनात मोजायची. सिमेंट, सळई, काच आणि ते सगळं वाहून आणणाऱ्या ट्रकचा धूरसुद्धा. एखादी इमारत उभी करताना हवेत किती कार्बन जाणार, तो मोजायचा आणि कमी करायला लावायचा, हे तिचं काम. तिचा आकडा कोपऱ्यात लिहिल्याशिवाय एकही नकाशा आर्किटेक्टांच्या त्या ऑफिसातून बाहेर पडत नसे. ती दारात दिसली की लोक आपणहून नकाशातल्या खिडक्यांच्या काचा कमी करत.

समोर नर्सिंग कॉलेजचे अध्यक्ष बसले होते. त्यांना कॉलेजची तीन मजली इमारत पाडून तिथेच सात मजली हवी होती, आणि तीही पर्यावरणाची काळजी घेणारी. बैठक त्याच जुन्या इमारतीच्या वरच्या हॉलमध्ये भरली होती. मागच्या भिंतीपाशी खुर्ची तिरकी करून टनबाईचे वडील बसले होते. ऑफिस त्यांनीच काढलेलं. आता काम भागीदारावर सोडलं होतं, पण येणं काही सुटत नव्हतं. सगळे त्यांना थोरले म्हणत. ही जुनी इमारत त्यांच्याच हातची. ती पाडू नका, असं ते आजवर एकदाही म्हणाले नव्हते, आणि टनबाईला तेच जास्त लागत होतं.

पाडल्यावर राडारोडा किती निघेल ते मोजायला तिने सकाळी जुन्या नकाशांची गुंडाळी उघडली होती. कोपऱ्यात बाबांचं बारीक अक्षर. इमारतीचं आयुष्य, शंभर वर्षे.

"बाबा, हे शंभर कशावरून लिहिलंत?"

"काँक्रीट आहे," थोरले पेन्सिलीला टोक काढत म्हणाले. "ते कुठे जातंय!"

मागच्या महिन्यात भागीदार अगदी हेच म्हणाला होता. इमारतीचा सगळा कार्बन तिच्या आयुष्याच्या वर्षांनी भागायचा, म्हणजे एकेका वर्षाच्या वाट्याला किती आला ते कळतं. एरवी टनबाई साठ वर्षं धरायची. "काँक्रीट कुठे जातंय, शंभर धर," भागीदार म्हणाला, "आकडा कसा गोजिरा दिसेल बघ." आणि तिने मुकाट्याने धरले होते. त्याची तिला आता लाज वाटत होती.

तिने आपल्या हिशेबातले शंभर खोडून एकतीस लिहिले. कुणाला विचारलं नाही. ऑफिसचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम यामुळे हातचं जाऊ शकतं, आणि त्याबरोबर आपली खुर्चीही, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

अध्यक्षांनी चष्मा वर सरकवला. "मागच्या वेळी सहा होते ना?"

"टायपिंगची चूक आहे, सर," भागीदार घाईघाईने म्हणाला.

"चूक मागच्या वेळी होती," टनबाई म्हणाली. "तेव्हा शंभर वर्षांनी भागलं होतं. आता एकतिसाने भागलंय."

अध्यक्ष मोठ्याने हसले. "एकतीस? अहो ताई, इमारत बांधताय की तंबू ठोकताय? एकतीस वर्षांत पडणारी इमारत घेऊन मी काय करू?"

"पडणार नाही. पाडली जाईल."

"आणि हे एकतीस काढले कुणी?"

"तुम्हीच, सर," टनबाई म्हणाली. "आपण बसलोय ती इमारतही शंभर वर्षांसाठीच बांधली होती. तुम्ही ती पाडायचं ठरवलंत तेव्हा तिला एकतिसावं चालू होतं. बाकी सगळे माझे अंदाज आहेत. खरा आकडा तेवढा हा एकच."

भागीदाराने ग्लास उचलला आणि एका दमात रिकामा केला.

टनबाईने पुढचं पान लावलं. हीच इमारत ठेवायची आणि वर दोन मजले चढवायचे. सातऐवजी पाच मजले होतील, पण वीसचे नऊ होतील. हे पान भागीदारानेही पाहिलेलं नव्हतं.

अध्यक्षांनी मान वर करून छत पाहायला सुरुवात केली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सावकाश, कोपरान् कोपरा. एखादा तडा, एखादा ओलीचा डाग त्यांना मनापासून हवा होता. तेवढ्यात कॉलेजचा म्हातारा शिपाई चहा घेऊन आला.

"मामा," अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही तर इथे पहिल्या दिवसापासून आहात. हे छत पावसाळ्यात गळतं ना हो?"

"छे हो, साहेब!" मामांनी ट्रे खाली ठेवला. साहेबांना बरं वाटावं म्हणून त्यांनी आणखी भर घातली, "एवढ्या वर्षांत एक थेंब नाही. बादली म्हणून लावावी लागली नाही कधी."

चहाला कुणी हात लावला नाही. टनबाई बाबांकडे बघायचं टाळत होती.

मागच्या भिंतीपाशी खुर्ची सरळ केल्याचा आवाज आला.

"चुकलंच माझं," थोरले म्हणाले. "एखादी गळती ठेवायला हवी होती."