वेगळा कप

चवदार तळ्याचा सत्याग्रह शिकवताना सोनकांबळे सर सारखे घड्याळाकडे बघत होते. शाळेतले ते एकटेच दलित शिक्षक. नववीच्या वर्गात त्यांना एकाच प्रश्नाची धास्ती होती, आणि तो आलाच.

"पण सर, पाणी घ्यायला अडवत कोण होतं?"

"तेव्हाचे लोक," म्हणून सरांनी विषय आवरता घेतला.

सरपंचांची ऋतुजा उभी राहिली. "तेव्हाचे नाही, सर. काल तुम्ही आमच्या घरी आलात, तेव्हा आईनं वेगळ्या कपात चहा दिला. तो कप आम्ही गोठ्यात ठेवतो."

सरांचे कान तापले. "खाली बस," ते कसेबसे म्हणाले.

ती बसली नाही. "आज मी त्याच कपातून चहा प्यायले. आईनं मारलं. उद्याही त्यातूनच पिणार आहे."