सुताराची लाल कानटोपी

दान गुपचूप करावं, असं चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलं होतं. म्हणून सुतार दर शनिवारी उजाडायच्या आत एका एकट्या म्हातारीच्या दारात किराण्याची पिशवी ठेवायचा आणि चोरपावलांनी परतायचा. रविवारी म्हातारी मंडळीत उभी राहून साक्ष द्यायची, "प्रभूने याही आठवड्यात माझी चूल पेटती ठेवली!" सगळे देवाची स्तुती करायचे, आणि सुतार आतल्या आत धुमसायचा.

"सगळं श्रेय त्यालाच," तो घरी येऊन पुटपुटला.

"अहो, देवालाच दिलं होतंत ना?" बायको म्हणाली. "मग पोचलं की!"

पण ते काही त्याच्या पचनी पडेना. पुढच्या शनिवारी तो पिशवीशेजारी आपली लाल कानटोपी मुद्दाम विसरला. ती टोपी कुणाची, हे अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं.

रविवारी तो इस्त्रीचा सदरा घालून पहिल्याच बाकावर बसला. म्हातारी टोपी हातात घेऊनच उठली. सुताराने नम्रपणे मान खाली घातली. कान मात्र टवकारलेलेच होते.

"प्रभूने पुन्हा पिशवी पाठवली," ती म्हणाली, "आणि तिच्याशेजारी मला ही सापडली."

मग तिने ती टोपी त्याच्या मांडीवर ठेवली.



"लेकरा, कोण देतंय ते बघायला माझ्या दारात दबा धरून बसत जाऊ नकोस रे. तुला बघून तो भला माणूस यायचा थांबला, तर मी खाऊ काय?"