नव्या पाण्याची कॉफी

रंगाच्या कारखान्याने नासवलेलं गावच्या विहिरीचं पाणी इंजिनियर नायफनी उत्प्रेरकाची टाकी बसवून शुद्ध केलं, पण उम्म-झैतूनमधलं कोणी ते तोंडाला लावेना. म्हणून शुक्रवारी हाजी दैफल्ला दहा वडीलधाऱ्यांना घेऊन आपणहून घरी आले, तेव्हा नायफनी मुद्दाम त्याच पाण्याची कॉफी करवली. हाजींनी पेला घेतला आणि न पिता खाली ठेवला. बाकीच्यांनीही ठेवला.

"अबू लुजैन," लेकीच्या नावाने नायफना हाक मारत हाजी म्हणाले, "आधी आमचं एक मागणं आहे."

"पाण्याचा रिपोर्ट ना? हा घ्या. विष मोडतं, उत्प्रेरक होता तेवढाच राहतो."

"राहू दे बिचारा. आमचं मागणं..."

"मान्य! असेल ते मान्य! पण अल्लाची शपथ, घोटभर प्या!"

अकरा पेले एका दमात रिकामे झाले. आतून बायकांनी आनंदाचा गलका केला.

"बाबा, आठवडाभर सांगतेय ना?" दारातून लुजैन हसत म्हणाली. "आज हाजी त्यांच्या नातवासाठी मला मागणी घालायला येणार होते. होकाराआधी कॉफी पितात का कोणी आपल्यात?"

नायफनी पेल्यांचे तळ एकेक करून पाहिले.

"ते ठीक आहे गं. पण पाणी प्यायले ना?"