चावीचा गुन्हा

सोफ्यावरची धूळ झटकता झटकता ती थांबली. सोफ्याच्या उजव्या हाताच्या टोकाला मोरपंखी कापडाचे चार धागे ओढून वर आले होते. ताजे. मागचे सगळे धागे तिने सुई घेऊन एकेक करून आत ओढून घेतले होते, तेव्हा हे जुने असणं शक्यच नव्हतं. आणि मांजराला घराबाहेर काढून एकोणीस दिवस झाले होते.

मांजर बाबांचं. बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून एका अरुंद दुकानात बसले. नजर साथ देईना म्हणून दुकान बंद केलं आणि मुलीकडे राहायला आले, ते एक ट्रंक आणि दुकानातलं हे मांजर घेऊन. शेपटीचं टोक किल्लीसारखं वळलेलं, म्हणून तिचं नाव चावी.

सोफा मुलीचा. स्वतःच्या पसंतीने आयुष्यात पहिल्यांदा घेतलेला. महिन्याभरातच त्याचा उजवा हात उसवायला लागला, आणि तिने जंग जंग पछाडलं. संत्र्याच्या साली ठेवून झाल्या. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावून झाली. पाण्याचा फवारा हाताशी ठेवून झाला. एका खांबाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून तो कोपऱ्यात उभा केला, तर चावी पहिल्याच दिवशी त्याच्यावर तुटून पडली. दर रविवारी ती चावीची नखंसुद्धा कापायची. सोफा उसवायचा तो उसवतच राहिला. बाबा नेमके त्याच कोपऱ्यात बसायचे आणि चावी त्यांच्या मांडीवर. घरात माणसं दोनच. संशय घ्यायला दुसरं होतं कोण?

"बाबा, आता माझ्याच्याने होत नाही," शेवटी ती म्हणाली होती. "रद्दीच्या गोदामात उंदीर झालेत. गोदामवाले मांजर मागतायत. देऊन टाकू या?"

बाबांनी मान वर केली नाही. "दे," म्हणाले. एवढंच. त्या एका शब्दाने तिचं ओझं उतरलं होतं. आपण उगीच घाबरत होतो, त्यांनाही कंटाळाच आला असणार, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

आता हे चार धागे.

तिने चहा केला. कप घेऊन बाहेर आली तर बाबा नेहमीच्या जागी येऊन बसले होते. तिची चाहूल लागताच त्यांचा उजवा हात सोफ्याच्या हातावर गेला आणि पाची बोटं कापडात रुतली. डावा हात चहासाठी पुढे आला.

तिने कप दिला नाही. टेबलावर ठेवला.

"उजवा हात द्या."

"अगं, पण…"

"द्या म्हणते ना."

ती प्रयोगशाळेत रक्त काढायचं काम करायची. दिवसाला चाळीस-पन्नास हात तिच्या हातातून जायचे. कुठला घाबरलेला, कुठला अशक्त, हे तिला सुई टोचण्याआधी कळायचं. बाबांचा हात तिने कितीतरी वर्षांनी हातात घेतला. तो थरथरत होता. थांबायचं नावच घेईना. केसाएवढी स्प्रिंग जागेवर बसवणारा हात.

"कधीपासून?"

"दुकान होतं तेव्हापासून." बाबा खिडकीकडे बघत होते. "डोळे ठीक आहेत गं माझे. लोकांची घड्याळं हातातून पडायला लागली होती. काहीतरी घट्ट धरलं की कमी दिसतं. तू घरात असलीस की धरून बसायचो."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. सोफ्याचं तिला आता काही वाटत नव्हतं.

"आणि मुक्या जिवावर ढकललंत? मी तिला पिशवीत घालत होते, तेव्हा तुम्ही इथेच बसला होतात ना? एक शब्द तोंडातून निघाला नाही तुमच्या? इतकी वर्षं मांडीवर घेऊन बसलात, जरासुद्धा माया नव्हती?"

बाबांनी हात सोडवून घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

तिने चपला घातल्या आणि तडक गोदाम गाठलं. रस्ताभर ती धुमसत होती. दिवसभर परक्यांचे हात तपासणाऱ्या आपल्याला बापाचा हात दिसला नाही, हा राग होताच. पण त्याहून मोठा राग त्यांच्या त्या थंडपणे म्हटलेल्या 'दे'चा होता.

गोदामवाला वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधत होता. तिला बघून त्याने सुतळी खाली ठेवली.

"मांजर परत न्यायला आलात? ताई, ती दुसऱ्या दिवशीच पळाली. पुष्कळ शोधली, नाही सापडली. आजोबांनी सांगितलं नाही का तुम्हाला?"

"कुठले आजोबा?"

"तुमच्याचकडचे, असं म्हणाले. तुम्ही कामाला गेलात की येतात, रोज. बशीत दूध ओततात. अर्धं तर बाहेरच सांडतं, हात कापतात ना त्यांचे." त्याने मागच्या काळोख्या बोळाकडे बोट दाखवलं. "मग त्या गठ्ठ्यांच्या फटींमध्ये वाकून हाका मारत बसतात. म्हणतात, ये गं बाहेर, तुझं काही चुकलं नव्हतं, मीच बोललो नाही."