वादळाला हात वर

“हे वादळ समुद्रातच मोडून काढू, की येऊ द्यायचं?” हवामान खात्याच्या बाईंनी हर्णैच्या सभेत विचारलं. एका जरी घराची हरकत असली तर खातं ते मोडणार होतं.

वादळं जन्मतानाच मोडायचं तंत्र आल्यापासून दर्या ढवळलाच गेला नव्हता. खोलातलं खत वर उन्हात येईना, त्यावर जगणारं बारीक शेवाळ वाढेना, शेवाळ खाणारी मासळीही गेली. पाणी तेवढं काचेसारखं नितळ झालं.

‘येऊ द्या’ म्हणत सगळे हात वर गेले. फक्त पोशीकाकीचा राहिला. शेवटच्या वादळात तिचा लेक होडीसकट गेला होता. कुणी तिला आग्रह केला नाही.

“आधी सगळ्या होड्या वर ओढा,” ती म्हणाली. “शेवटची वाळूत आलेली बघते, मग करते हात वर.”