खरवडलेला नंबर

"हा बोर्ड नाही ताई, ही भाकरी आहे. तीसुद्धा तव्यावर विसरलेली," नागोराव म्हणाले आणि टेबलावर चष्मा शोधू लागले.

"कपाळावर हाय," हेमांगी म्हणाली.

चष्मा खाली उतरला. बोर्डाचा मधला भाग कोळसा झाला होता. तांब्याच्या काही रेषा सुटून वर आल्या होत्या. मधोमध असलेली मोठी आयसी फुटून, वितळून ती ज्यात बसते त्या खालच्या बेसला चिकटली होती.

"कुठल्या गावच्या म्हणालात?"

"माहीम, पालघरचं. दोनदा सांगितलं, भाऊ. बर्फाचा कारखाना हाय आमचा, त्याच्या मशीनचा बोर्ड हाय हा. एक तारखेला मासेमारीची बंदी उठते. परवापर्यंत बर्फ नाय पडला तर सगळ्या बोटी सातपाटीचा बर्फ भरतील. एकदा तिकडं वळलेली बोट परत नाय येत. आणि नवा बोर्ड यायला महिना लागतो."

"माझं नाव कोणी सांगितलं?"

"पालघरात स्टेशनजवळ एक मुलगी बसते. सोमी. तिनं भिंग लावून दोन मिनटं बघितलं नि परत गुंडाळून दिला. म्हणाली, बोईसरला नागोरावकाकांकडंच न्या, दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका."

नागोरावांनी चहात साखर घातली. मघाशीही घातली होती.

सोमी सहा वर्षं याच टेबलाशी बसली होती. जव्हारकडच्या पाड्यावरची पोर, पण हात असा स्थिर की बोर्डावर बेस बसवायचं काम नागोरावांनी तिलाच देऊन टाकलं होतं. शेवटचं काम मात्र त्यांचं स्वतःचं. दुरुस्ती झाली की ब्लेड घ्यायचं आणि आयसीवरचा छापील नंबर आडवा-उभा खरवडून टाकायचा. नंबर दिसला तर कोणीही सोम्यागोम्या बाजारातून आयसी आणून बसवणार. नाही दिसला तर गिऱ्हाईक मुकाट्यानं बोईसरला येणार. नंबर कुठे लिहून ठेवायचा नाही. "हे डोकं आहे ना, हीच तिजोरी," असं ते अभिमानानं सांगत.

आणि दोन वर्षांपूर्वी सोमीच्या पिशवीतून एक छोटी डायरी खाली पडली. उघड्या पानावर नंबरांची रांग. नागोरावांनी पुढचं पानही उलटलं नाही. डायरी चहाच्या स्टोव्हवर धरली आणि सोमीला त्याच दुपारी बाहेरची वाट दाखवली.

"काका, ऐकून तर घ्या," ती म्हणाली होती. ऐकून घेण्याची सवय नागोरावांना नव्हती.

आता भिंगाखाली आयसीच्या उरलेल्या तुकड्यावर आडवे-उभे ओरखडे दिसत होते. ब्लेड त्यांचंच. बोर्ड कधीतरी त्यांच्याच हाताखालून गेला होता. नंबर तेवढा आठवेना.

खणात चारशे आयसी होत्या. चुकीची बसवली तर उरलासुरला बोर्डही जाणार. शिवाय इतका जळलेला बोर्ड एकदाच ताव सोसतो. जुनं उतरवून त्याच बैठकीत नवं बसवायचं, नाहीतर रेषा कायमच्या हातात येतात. म्हणजे नंबर आधी हवा.

दुसरा दिवस दुपारपर्यंत गेला. पंधरा वर्षांपूर्वी आपला पेचकस कोणी मोडला, हे नागोरावांना नावानिशी आठवत होतं. या बोर्डाचे मात्र तीन नंबर जिभेवर आले, आणि तिन्ही दुसऱ्याच बोर्डांचे निघाले. पोरीनं मुद्दाम डाव टाकलाय, त्यांनी ठरवून टाकलं. चोरलेल्या नंबरांवर दुकान थाटलं, आणि आता गिऱ्हाइकासमोर म्हाताऱ्याचं हसं करतेय.

तीन वाजता हेमांगी येऊन समोरच्या स्टुलावर बसली. शेवटी त्यांनी सोमीला फोन लावला.

"काका?"

"बर्फाच्या कारखान्याचा नंबर सांग."

"डायरी तुमी जाळली."

"डोक्यात असेल की. चोरून उतरवायचं म्हणजे पाठ होतंच."

सोमी म्हणाली, "माज्या डोक्यात नाय. बेस काढा."

"एकदाच ताव सोसणार आहे तो."

"ठाव हाय. तुमीच शिकवलंय. तरी काढा." आणि तिनं फोन ठेवला.

"काय म्हणते?" हेमांगीनं विचारलं.

"नंबर माहीत नसताना बेस काढा म्हणते. फसलं तर तुमचा बोर्ड कचऱ्यात."

हेमांगीनं पदरानं मान पुसली. "भाऊ, तुमाला नंबर आठवतोय?"

"नाही."

"मग तिचं ऐका. ती मुलगी दोन मिनटांत मला कापू शकली असती. तिनं चहाचेसुदा पैसे नाय घेतले."

नागोरावांनी सोल्डरिंग गन तापवली. बेसच्या एका बाजूचे पाय सुटले. दुसऱ्या बाजूचे धरून बसले. त्यांनी श्वास रोखला, चिमट्यानं हलकेच उचललं, आणि बेस निघाला. उरलेल्या रेषा जागच्या जागी होत्या. त्यांनी ब्रशनं काजळी झाडली, स्पिरिटचा बोळा फिरवला. आजूबाजूला सगळा कोळसा, पण बेसच्या पोटाखालचा तुकडा हिरवागार होता.

त्या हिरव्यावर सुईनं कोरलेलं काहीतरी होतं.

"वाचा ताई," नागोराव म्हणाले. चष्मा डोळ्यांवर असूनही त्यांना नीट दिसत नव्हतं.

हेमांगीनं भिंग घेतलं आणि एकेक अक्षर, एकेक आकडा वाचला. नागोरावांचा हात आपसूक खणाकडे गेला. त्या नंबरच्या तीन आयसी होत्या. म्हणजे उद्या बर्फ पडणार होता.

"थांबा, खाली आणखी लिवलंय," हेमांगी म्हणाली आणि तिनं बोर्ड त्यांच्याकडे फिरवला.

सोमीचंच अक्षर. पाच वर्षांपूर्वीची तारीख, आणि पुढे तीनच शब्द: 'काका विसरतात म्हणून.'